आठ हजार घरांचा स्वयंपाक

४ जानेवारी १९८७, रविवार

आजपासून आम्ही आठ हजार घरं आहोत. असं हे म्हणतात.

झालं ते असं. सकाळी दार वाजलं. बाहेर एक उंच, वाळका माणूस — काखेत फाइल, हातात आकड्याचा काटा, रद्दीवाल्याकडे असतो तसा. मी म्हटलं, "रद्दी गेल्याच आठवड्यात दिली हो." तर म्हणे, "मी त्र्यंबकराव. घरगुती इंधन पाहणी. कल्याणहून येतो." देशात कुठल्या घरात काय जळतं, किती जळतं, त्यापायी झाडं किती गेली, धूर किती वाढला — हे सगळं मोजायला घेतलंय म्हणे. घरोघर कोण जाणार? म्हणून नमुन्याला घरं निवडलीत. ठाण्याच्या कोपरीत आमचं! एक घर म्हणजे आठ हजार घरं. आम्ही जे जाळू ते आठ हजार घरांनी जाळलं असं धरायचं.

गेल्या वर्षी खालच्या सीतारामभाऊंचं होतं. वर्षभर एक घर, मग पुढचं दार, अशी पद्धत आहे. तरीच! मागे त्यांचा मेहुणा आला तर त्याला दोन्ही वेळ खानावळीत पाठवत होते. आम्ही कंजूष म्हणून नावं ठेवली.

ह्यांनी त्र्यंबकरावांना खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. बंबाची लाकडं, करवंट्या, रॉकेलचा डबा — सगळं एकेक करून काट्याला लटकलं. सासूबाई म्हणाल्या, "मलाही लटकवा एकदा, आठ हजार म्हाताऱ्या होतील." कोणी हसलं नाही. जाताना त्र्यंबकराव म्हणाले, "बाकी काही करू नका. फक्त नेहमीसारखं राहा."

एवढंच ना, म्हटलं.

५ जानेवारी

एवढंच नाही!

ह्यांनी आज चक्क रजा टाकली. दुपारी मी चहाचं आधण ठेवलं तर मागे उभे. "दुपारचा चहा आपण नेहमी घेतो?" म्हटलं, तुम्ही ऑफिसात असता तेव्हा मी घेते. "मग तो घराचा नेहमीचा, की तुझा?" आधण उकळून आटलं. शेवटी म्हणाले, "पी. पण आज मी घरी आहे म्हणून जास्त पिऊ नकोस."

१ फेब्रुवारी

त्र्यंबकराव येऊन गेले. दर महिन्याचा पहिला रविवार त्यांचा.

गंमत अशी की रॉकेल ओतते मी, स्टोव्हला पिन मारते मी, आणि उत्तरं देतात हे. "स्टोव्ह दिवसाला किती तास?" "अं... दोन." दोन! ह्यांना वाटतं जेवण ताटातच उगवतं. मी आतून खोकले. त्र्यंबकरावांनी मान वर करून पाहिलं आणि "सर्दी दिसते" असं म्हणून पुढचा प्रश्न ह्यांनाच विचारला.

१५ फेब्रुवारी

सासूबाईंनी मोडका पाट बंबात घातला. नुसता पडून होता, ढेकूण झाले होते. हे आंघोळीला गेले, बंबाच्या तोंडातून पाटाचा पाय बाहेर आलेला पाहिला — आणि उघड्या अंगानेच ओरडत बाहेर! "आई, आठ हजार पाट! अख्खं जंगल जाळलंस तू!" पाय ओढून काढला, बादलीत बुडवला. घरभर धूर. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अरे, तुझ्या त्या आठ हजार घरांत ढेकूण झाले असतील तर त्यांनीही जाळावेत. बरंच आहे."

ह्यांची आंघोळ गार पाण्याने झाली. आठ हजार पुरुषांची झाली असणार.

९ मार्च

शेवंती आली होती, कोलशेतची. आमची मासळी वर्षानुवर्षं तिच्याकडूनच. दाराशी पाटी उतरवली, मी तिला पाहणीचं सांगितलं. ऐकून खाली बसलीच. "म्हंजे मी तुना येक बोय दिला त आठ हजार घरान बोय? मंग मना पैसे कवढे गो?" आणि हसता हसता पदर तोंडात.

मग गंभीर झाली. पाटीतला बोय मासा नाकाशी धरला माझ्या. रॉकेलचा वास. "ह्यो बघ. खाडीन आता असाच मावरा गावतो. जाल्याला बी वास. त्या तुज्या काटेवाल्याला सांग, ह्यो पन लिव म्हनावं."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे कोलशेतच्याच एका कंपनीत स्टोअर्सला आहेत, पाइपांचं तोंड खाडीकडे आहे हे ह्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. हातातला पेपर खाली ठेवला. मला वाटलं, लागलं मनाला. तर म्हणाले, "माशातून जे रॉकेल पोटात जातं, ते आपल्या महिन्याच्या वापरात धरायचं का?"

कपाळ!

५ एप्रिल

ह्यांनी खरंच विचारलं. त्र्यंबकराव म्हणाले, "माशांना रकाना नाही. खाडी आमच्याकडे येत नाही, ती दुसऱ्या विभागाकडे." कोणत्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

१२ मे

गॅस आला! गॅस आला! गॅस आला!

१३ मे

काल पुढे लिहवेना.

सात वर्षं. ज्या महिन्यात नंबर लावला त्याच महिन्यात मी कडप्प्याचा ओटा बांधून घेतला होता, उभ्याने स्वयंपाक करायचा म्हणून. तेव्हापासून त्यावर डबे आहेत. स्टोव्ह ओट्यावर ठेवला तर पातेलं माझ्या नाकाशी येतं, म्हणून तो खाली, आणि मी त्याच्यापुढे उकिडवी. गुडघे बोलायला लागलेत. भडका उडाला की भुवया जळतात. ह्यांच्या मावसबहिणीने गेल्या लग्नात मला विचारलं, "वहिनी, तुम्ही रॉकेलचं अत्तर लावता का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. घरी येऊन दोनदा न्हाले. तरी वास येतच होता, निदान मला तरी.

तर काल खोपटच्या डेपोजवळच्या एजन्सीतून माणूस आला — लाल सिलिंडर खांद्यावर! शेगडी आम्ही आधीच घेऊन ठेवली होती. सासूबाईंनी सिलिंडरला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी डबे खाली काढले. लायटर हातात घेतला.

आणि हे ऑफिसातून आले.

"थांब! हात लावू नकोस!" मला वाटलं गळतोय. मी पळत गॅलरीत. तर ह्यांचं म्हणणं, "वर्षाच्या मध्येच आपण गॅस पेटवला तर आठ हजार घरांत एका दिवसात गॅस आला असं होईल. कुठे आहेत तेवढे सिलिंडर? दिल्लीत लोकांना वाटेल, चला, कोपरीतली रांग संपली. पुढच्यांना मिळायचा बंद होईल. सगळा कल बिघडेल देशाचा."

म्हटलं, देशाचा बिघडू दे, माझे गुडघे बिघडलेत.

"नेहमीसारखं राहायचं, असं ठरलंय ना?"

रात्री पिठलं. स्टोव्हवर. सिलिंडर माळ घालून बघत होता.

७ जून

त्र्यंबकरावांना विचारू, असं मीच म्हटलं. माझा सगळा भरवसा त्यांच्यावर. ते सिलिंडरभोवती एक चक्कर मारून आले. म्हणाले, "मी काही सांगू शकत नाही. मी पेटवा म्हटलं तर तुम्ही माझ्यामुळे पेटवाल, नको म्हटलं तर माझ्यामुळे नाही. तुम्ही असं धरा की मी नाहीच."

आणि स्वतः नाहीच असं धरून त्यांनी दोन कप चहा घेतला.

२१ जून

सासूबाईंनी सिलिंडरला क्रोशाचं झाकण विणलं. वर फुलदाणी ठेवली आहे. पाहुण्यांना बसायला कमी पडलं तर फुलदाणी उचलतो.

१३ जुलै

नवीन संकट. हे एजन्सीत सहज चौकशीला गेलेले. तिथला माणूस म्हणाला, सहा महिन्यांत दुसरा सिलिंडर नेला नाही तर कनेक्शन बंद धरू, पुन्हा रांगेत शेवटी. म्हणजे पेटवला तर देश बुडतो, नाही पेटवला तर गॅस जातो!

हे सबंध संध्याकाळ येरझारा घालत होते. मग एकदम थांबले. डोळे चमकले. मला ह्यांचे चमकलेले डोळे आवडत नाहीत.

"हेमाकडे देऊ या," म्हणाले. "तिच्याकडे जळू दे. सिलिंडर संपेल, आपण दुसरा नेऊ, कनेक्शन राहील."

हेमा म्हणजे शेजारची, आमची भिंत एक. तिच्याकडे वातीचा स्टोव्ह, तिचा गॅसचा नंबर अजून कुठल्या कुठे. म्हटलं, अहो, तिच्या घरात जळला तरी देशातच जळणार ना?

"हेमा देश नाही," हे म्हणाले. "आपण देश आहोत."

१४ जुलै

हे आणि आनंदभावोजी, हेमाचे यजमान, दोघांनी मिळून सिलिंडर पलीकडे नेला. शेगडीही. लायटरही. क्रोशाचं झाकण तेवढं सासूबाईंनी ठेवून घेतलं.

मी डबे परत ओट्यावर चढवले.

१५ जुलै

भिंतीतून ऐकू येतं. खट्, आणि मग भप्पकन. हेमा सकाळपासून चार वेळा चहा करतेय. मला राग आला, खूप राग आला. पोरगी चांगली आहे, तिची काही चूक नाही, तरी आज मी तिला कोथिंबीर मागितली नाही. विकत आणली.

३ ऑगस्ट

शेवंतीपुढे रडले. पाटीशी बसून, बोंबील निवडता निवडता. ती म्हणाली, "रडतंस कशाला गो बाय? गॅस कोनाचा? तुजा. मंग त्यो जिथं हाय तिथं जा न् रांध. टोप घे न् जा. रांधून घरान आन. तुजा दादला म्हनतो ह्या घरान पेटवू नको. त्या घरान पेटवू नको असा कवा बोलला?"

सात जन्मात सुचलं नसतं मला.

४ ऑगस्ट

हेमाच्या ओट्यावर बिरडं केलं. उभ्याने!

हेमा माझ्यापेक्षा वीतभर उंच, तिचा ओटा तिच्या मापाचा. म्हणून घरून पाट नेला, त्यावर उभी राहिले. निळी ज्योत, बारीक करता येते, मोठी करता येते. वाल कसे शिजले, एकेक सुटा. पातेलं पदराखाली झाकून घरी आणलं. अर्धं हेमाला. हेमा म्हणाली, "ताई, रोज या हो, मला स्वयंपाकाचा कंटाळाच आहे."

ह्यांनी जेवताना विचारलं, "आज बिरडं वेगळं लागतंय?" म्हटलं, वाल नवे आहेत.

६ सप्टेंबर

ह्यांच्या आनंदाला पारावार नाही! रॉकेल निम्म्यावर आलं. त्र्यंबकरावांनी डबा दोनदा काट्याला लावला. "काही बदल केलात का?" "काही नाही," हे छाती काढून म्हणाले, "मनोवृत्ती बदलली." त्र्यंबकरावांनी ते लिहून घेतलं. मनोवृत्तीला रकाना आहे, माशांना नाही.

हेमाने ऐकलं तेव्हा हसून हसून तिला उचकी लागली.

२० सप्टेंबर

एक शोध. सासूबाई माझ्याही आधी हेमाकडे जातात! आज लवकर गेले तर मोड्यावर बसलेल्या, बशीत चहा. मला बघून म्हणाल्या, "हिला जरा भजनाची चाल सांगायला आलेय." मी म्हटलं, मी हिला आमटी शिकवायला आलेय. हेमा बिचारी शिकतच असते सदैव.

११ ऑक्टोबर, रविवार

आज हद्द झाली.

मी पाटावर उभी, मासे तळतेय. सासूबाई मोड्यावर. आनंदभावोजी ताट घेऊन आशेने बसलेले — दोन महिन्यांत त्यांची विजार दोनदा सैल करून दिलीय हेमाने. आणि मोरीतून बाहेर कोण यावं? हे! गालावर साबण, हातात दाढीचा मग, मगातून वाफ!

मासा तव्यावर करपला.

हे म्हणाले, "मी... पेपर वाचायला आलो होतो."

"मोरीत?" सासूबाई.

"आणि तू इथे काय —"

"हेमाला तळण शिकवतेय."

"असं होय," हे म्हणाले. "शिकव, शिकव." आणि साबण लावलेल्या तोंडानेच घरी गेले. दुपारी आम्ही तिघं आमच्या घरात बसून तेच मासे जेवलो. हे म्हणाले, "छान झालेत." मी म्हटलं, "नेहमीसारखेच."

१ नोव्हेंबर

आता न बोलता ठरून गेलंय. आधी ह्यांचं दाढीचं पाणी, मग सासूबाईंचा चहा, मग मी. आमच्या घरात स्टोव्ह पेटतो तो एवढ्याचसाठी की अगदी शून्य दिसू नये.

मग हे सगळं बंद का करत नाही मी? सरळ सिलिंडर घरी का आणत नाही? आज त्र्यंबकराव आले तेव्हा मला कळलं. त्यांनी विचारलं, "तुमच्या मते येत्या दहा वर्षांत घरातलं इंधन कसं बदलेल?" आणि पेन उघडून थांबले. हे विचार करत होते, आणि तो माणूस थांबला होता. ह्यांना ऑफिसात कोणी वेळसुद्धा विचारत नाही. मोठे साहेब अजून ह्यांना भलत्याच नावाने हाक मारतात, हे दुरुस्त करत नाहीत. आणि इथे अख्खा देश ह्यांचं मत काय म्हणून ताटकळत बसलेला. ह्यांचा चेहरा असा झाला होता... मला दाराआड भरून आलं.

जाऊ दे. दोन महिनेच राहिलेत.

पण नंतर मात्र एक दिवसही नाही.

६ डिसेंबर

शेवंतीने विचारलं, "मग, मावऱ्याचा काय लिवला का?" म्हटलं नाही. "मना ठाव होता," म्हणाली. आज तिची पाटी अर्धीच भरलेली. आता भिवंडीच्या बाजाराची मासळी आणते, खाडीची नाही.

२७ डिसेंबर

शेवटचं वजन झालं. त्र्यंबकरावांनी ह्यांच्याशी हात मिळवला. "असं काटेकोर घर मी पाहिलं नाही." हे दिवसभर तो हात वेगळा धरून फिरत होते. मला वाटलं, धुतील की नाही!

सिलिंडर येत्या रविवारी आणायचा. ह्यांचं म्हणणं, वर्ष संपेपर्यंत हलवायचा नाही, आणि आनंदभावोजींना रविवारशिवाय सवड नाही. चालेल. सात वर्षं थांबले, सात दिवसांनी काय होतंय.

२ जानेवारी १९८८

ओटा चिंचेने घासला. डबे सगळे फळीवर. नवीन लायटर आणला, माझा स्वतःचा. पन्नास वेळा खट् करून पाहिलं असेल.

हे म्हणाले, "पहिला चहा तू पी. पाहिजे तेवढा पी. आता आपण एकच घर आहोत." आणि थोडे उदास झाले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

उद्या! उभ्याने, माझ्या घरात, माझ्या मापाच्या ओट्यावर. पाट नको, पदराखाली पातेलं नको.

३ जानेवारी, रविवार

हे बाह्या सरसावून हेमाकडे गेले, मी मागून. तर खुर्चीवर त्र्यंबकराव, हातात काटा. अर्थात! वर्षभर एक घर, मग पुढचं दार. आम्ही सगळेच विसरलो होतो.

हे म्हणाले, "तुमचं चालू द्या, आम्ही आमचा सिलिंडर नेतो." आणि उचललाही.

त्र्यंबकरावांनी हेमाला विचारलं, "या घरात स्वयंपाक कोण करतं?" हेमाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्र्यंबकराव वळले. वर्षभर मी त्यांना चहा दिला, पण नीट पाहिलं त्यांनी आज पहिल्यांदा. "वहिनी, आपलं पूर्ण नाव? आणि स्टोव्ह, शेगडी, दिवसाला किती तास, ते तुम्हीच सांगा." पेन उघडलं, आणि थांबले.

"सरोज श्रीपाद राजे," मी म्हटलं. सावकाश, त्यांना लिहिता यावं म्हणून.

मग ह्यांना म्हटलं, "अहो, ठेवा तो खाली. नेहमीसारखं राहायचंय."